ओला टॉवेल

शू-फेनने दहापट वेगाची नवी केबल टाकूनही किलुंगच्या स्टुडिओतला सामायिक सर्व्हर रखडत होता. “फायली मुंगीच्या पाठीवरून येतात का गं?” दिग्दर्शक कुओकाकांनी टोमणा मारला. तिने सगळ्यांचं काम थांबवलं. तरी सर्व्हरचे दिवे लुकलुकतच राहिले. सर्व्हरच्या नोंदीत दिसत होतं, बुडालेल्या मासेमारी बोटीवरच्या माहितीपटाचं चित्रण अजूनही पुष्कळजण बघत होते. काका सर्व्हरपाशी गेले आणि थबकले. भुतांच्या महिन्यात मेलेल्यांना तोंड धुवायला ठेवतात ते घमेलं तिथे होतं. “हे दाराबाहेर ठेवायचं असतं, पोरी! आत ठेवलं की ते आत येतात!” “माहितेय, काका.” घमेल्यावर तिने कोरडा ठेवलेला टॉवेल ओला होता, समुद्राच्या वासाचा. काकांनी घमेलं बाहेर नेलं. एकेक दिवा विझला, वेग परतला; फक्त एक लुकलुकत राहिला. पडद्यावर आता बुडालेल्यांच्या घरच्यांपैकी तिचीच मुलाखत उघडली होती. टॉवेल छातीशी धरून ती म्हणाली, “बाबा, सावकाश बघा.”