चपलांचा आवाज

दाराबाहेर चपला काढल्याचा आवाज आला आणि मैथिलीने लाटणं खाली ठेवलं. "ताई, कावेरी रडून आलीय."

वसुधाला तो आवाज रोजच्यासारखाच वाटला. सात वर्षांपूर्वी तिने कानामागे शामक नावाचं इवलंसं यंत्र बसवून घेतलं होतं. तेव्हापासून गोंगाट, उग्र वास, कुणाची बोलणी, काहीच टोचत नव्हतं. घरातल्या सगळ्या मोठ्यांनी शामक बसवला. धाकटी जाऊ मैथिली तेवढी नको म्हणाली. ती लग्नात कानांत कापूस घालायची, मिक्सर लावला की गच्चीवर जायची आणि मजेत असायची. वसुधा म्हणायची, "काय ही नाटकं!"

कावेरी शाळेचं दप्तर टाकून, आईजवळ, वसुधाजवळ, न थांबता सरळ काकूच्या कुशीत शिरली.  मैथिलीने पंखा कमी केला. पोर हळूहळू शांत झाली.

वसुधा तव्यापाशी उभी राहून बघत होती. शामकाने सगळं बोथट केलं होतं, ही जळजळ मात्र नाही.

"ताई, पोळी करपतेय," मैथिली हळूच म्हणाली.

वसुधाने गॅस बंद केला, आत जाऊन शामकाच्या क्लिनिकला फोन लावला.

"मुलगी दहा वर्षांची आहे," ती म्हणाली. "फार हळवी आहे हो. लवकरात लवकरची तारीख द्या."