तिघांचा बंकर

"अवो पावणं, उठा! आधी उठून हुबं ऱ्हावा!"

साळुबाई ओट्यावरून ओरडली, तसा बांधावर बुटाची नाडी बांधायला बसलेला माणूस दचकून उठला. त्याच्या पाठीला लागूनच ऊस होता. महाळुंगे पडवळ गावात शेंबडं पोरसुद्धा असं बसत नाही. वाकलेला माणूस बिबट्याला शेळीएवढाच दिसतो.

पाहुणा दादाभाऊ निघाला, सांगोल्याकडचा. सरहद्दीवर तिच्या लेकाच्या, समर्थच्या बंकरात होता तो. साळुबाईने त्याला पाणी दिलं. चहाचं नाव काढलं नाही.

लेक गेल्याला वर्ष होत आलं होतं. गोळीबारात गेला, एवढंच साहेब लोक सांगून गेले. पण समर्थ फोनवर काय सांगायचा? बंकर तिघांपुरता, माथ्यावर ओंडके, वर दगड, त्यावर वाळूची पोती. "आई, वर गोळा पडला तरी नुसती माती गळती." मग तिघांतला तिचाच तेवढा कसा गेला? दोघांनी मिळून त्याला पुढे ढकललं, असं तिने मनाशी ठरवूनच टाकलं होतं.

आपल्या चुकीने मरणारं पोर नव्हतंच ते. लहानपणी उसाच्या कडेला खेळत बसला असताना बिबट्या आला, तेव्हा तिच्या ओरडण्यासरशी तो उभा राहिला म्हणून वाचला. तेव्हापासून तिने त्याची पाठ सोडली नाही. खुरपता खुरपता मध्येच उसात ढेकूळ भिरकावायची. खसपस झाली की पोरगा ताडकन उभा, दोन्ही हात वर, अन् बेंबीच्या देठापासून आरोळी. उशीर झाला तर पाठीत धपाटा. मिसरूड फुटलं तरी हे चालू होतं. शेजारची झुंबरबाई हसायची, पण साळुबाईला त्याचा भारी अभिमान होता.

"बंकर पडला का?" तिने विचारलं.

"न्हाई. हाय तसा हाय."

"मग त्यालाच कशी लागली?"

दादाभाऊने पेल्यातलं पाणी संपवलं. "भायेर चरात पहाऱ्याला हुता, मावशी."

"अन् तुमी?"

"त्येच्या बाजूलाच."

"तुमाला खरचटलंबी नाय."

"न्हाई."

साळुबाईच्या अंगाचा तिळपापड झाला. "माझ्या लेकाच्या आडोशाला लपला तुमी! त्याला म्होरं घातलं अन् सोता जगला!"

"तसंच समजा, मावशी." तो चटकन म्हणाला, जणू सुटलाच. पेला खाली ठेवून उठलाही.

एवढ्या सहज कबूल झालेला माणूस तिला पटेना.

"समजू कशाला? बसा खाली. समर्थची शपथ हाय तुमाला."

तो बसला.

"आमी सायबास्नीबी सांगितलं न्हाई. लोकांनी त्येला येडा ठरवू नये म्हणून. मला शिव्या द्या, पर हे गावात बोलू नगा." त्याने आवाज उतरवला. "चर कमरेएवढा. कितीक रात्री झोप न्हाई. समर्थला बसल्या बसल्या डुलकी लागली हुती. म्होरं झुडपात खसपस झाली. आमी दोघं खाली दबलो. डोस्कं वर काडायचं न्हाई, हे पैल्या दिशीच शिकिवत्यात आमाला. त्येलाबी शिकिवलं हुतं."

"मग?"

"मी त्येचा हात धरला, पर त्यो झटका दिऊन ताडकन उठला. दोनी हात वर केलं अन् मोठ्यानं आरोळी ठोकली."

साळुबाईचा हात ओट्याच्या कडेवर घट्ट बसला. दादाभाऊचं तिकडे लक्ष नव्हतं. त्याचे डोळे भरून आले होते.

"लई इचार केला, मावशी, पर अजून उमजत न्हाई," तो म्हणाला. "असलं खूळ त्येला शिकिवलं तरी कुणी?"