उजव्या टोकाची जागा

केतकीने मोबाइलमधलं कॉलचं ॲप उघडलं आणि तिचा अंगठा थबकला. आईच्या नावाच्या कार्डावर, उजव्या टोकाला, कालपर्यंत ‘३० दिवसांपूर्वी बोललात’ असं बारीक राखाडी कॅप्शन होतं. आज ती जागा कोरी होती.

बिघाड नव्हता. ॲप तिच्याच कंपनीचं, कार्डाचं डिझाइनही तिचंच. “महिना उलटला की कॅप्शन काढून टाका,” मीटिंगमध्ये तीच म्हणाली होती. “त्यापुढचे दिवस कोण मोजत बसतंय?”

त्याच कॅप्शनची अक्षरं लहान-मोठी करत असताना आईचा तो शेवटचा फोन आला होता. “कामात आहेस ना? ठेव, उद्या बोलू.” उद्या उजाडायच्या आतच आई गेली.

ऑफिसात पोचल्या पोचल्या तिने कोड लिहिणाऱ्या शार्दूलला ती महिन्याची अट काढून टाकायला सांगितलं.

“काढतो. पण मग दिवसांचा आकडा वाढतच जाणार. किती आकडी जागा सोडू?”

केतकी चौतीस वर्षांची होती. तिने मनातल्या मनात आपल्या उरलेल्या आयुष्याचे दिवस मोजले.

“पाच आकडी,” ती म्हणाली.