पायाळू

"निसरडी आहे," बाप म्हणाला. "सैल कर."

सुरुवातीच्या रेघेवरून तो नुकताच चालून आला होता. उजव्या पायात बूट होता. डाव्यात नुसता मोजा. डावा बूट मागे, टायरना पकड मिळावी म्हणून पट्टीवर मारलेल्या चिकट थरात रुतून बसला होता आणि बापाला त्याचा पत्ता नव्हता.

पोरीनं हातातलं हेल्मेट गाडीच्या टपावर ठेवलं.

शर्यतीच्या त्या सरळसोट पट्टीवर सगळे तिच्या बापाला पायाळू म्हणत. पायाळू माणसाला जमिनीखालचं पाणी कळतं म्हणतात. ह्याला जमिनीवरची पकड कळायची. रेघेवर चार पावलं टाकून तो सांगायचा आणि पोरगी मागच्या चाकांचे शॉकअप पिळायची. पट्टी निसरडी तर शॉकअप सैल. गाडी मागे बसते, टायर जमीन धरतात. पट्टी चिकट असताना सैल ठेवले तर गाडी नाक आभाळात घालून उभी राहते आणि तशीच आपटते. आत पोरगी असते.

शेजारच्या गाडीचा मेकॅनिक हसला. "काका, बूट पट्टीला आंदण दिलात काय?"

बापानं खाली पाहिलं. पाहिलं, तेव्हा कळलं. त्याच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या.

"बूटच ढिला झालाय मेला."

"जुना झालाय, अप्पा," पोरगी म्हणाली आणि गेली. बूट उपटायला तिला दोन्ही हात लावावे लागले. तळव्याबरोबर काळ्या रबराची तार लांबत वर आली. परत येऊन ती बापासमोर उकिडवी बसली आणि बूट त्याच्या पायात चढवू लागली. चढवताना मोज्यावरून अंगठ्याला चिमटा काढला. मुद्दाम, नखानं, जोरात.

बाप मेकॅनिककडे रागानं बघत होता. बघतच राहिला.

"ऐकलंस ना? सैल."

"थर ताजा दिसतोय, अप्पा. पुन्हा एकदा चालून बघता का?"

"मला शिकवतेस? ह्या पायांनी तुला इथवर आणलंय."

खरं होतं. खरं होतं म्हणूनच तर पंचाईत. थापाड्या बापाला तोंडावर सुनावता येतं. ज्याच्या शब्दावर आजवर डोळे मिटून गाडी सोडली, त्याला तुमचे पाय मेलेत असं सांगायला जीभ कुठून आणायची?

"बरं," ती म्हणाली. गाडीखाली सरकली आणि दोन्ही शॉकअप शेवटपर्यंत घट्ट पिळले.

गाडी सुटली. नाक जेमतेम वीतभर उचललं, टेकवलं आणि सुतात गेल्यासारखी सरळ गेली. शेजारची मागे राहिली.

पोरगी परत आली तेव्हा बाप मेकॅनिकवर तोंडसुख घेत होता. "बघितलंस? घट्ट ठेवली असती तर जागच्या जागी चाकं फिरवत बसली असती. बूट ढिला असेल माझा, पाय नाही!"

मेकॅनिकनं पोरीकडे पाहिलं. मग मुकाट मान हलवली.

खुशीत बाप स्वतःच मागच्या चाकाशी खाली बसला. "ऊन कललं की पकड वाढेल. पुढच्या फेरीला जरा घट्ट करून देतो."

"राहू द्या, अप्पा. मी करते."

पण हात आत गेला होता. त्यानं शॉकअपची चकती पिळली. हलली नाही. पुन्हा पिळली. मग बसल्या बसल्या दुसऱ्या चाकाकडे सरकला, तिथलीही पिळून पाहिली. बोटांना अजून सगळं कळत होतं.

"काय झालं, काका?" मेकॅनिकनं विचारलं.

बापानं चाकाआडून हात बाहेर काढला.

"गंजलंय," तो म्हणाला.

शॉकअप नवेकोरे होते.

मग मान वर न करता त्यानं पोरीला हाक मारली. "जा, तूच रेघेवर चालून ये. आणि कशी आहे ते मला सांग."