पलंगाखाली

वर्षानुवर्षं एकटीने देशोदेशी भटकून धाकटी अखेर भावाच्या परदेशातल्या घरी टेकली. आईला त्याने कधीच कायमचं इथे आणलं होतं.

पहिल्याच सकाळी धाकटीने लॉजमध्ये करायची तशी चादरीची घडी केली, उशीचा अभ्रा काढला आणि ते सगळं दाराशी नेऊन ठेवलं.

"अगं, निघालीस कुठे?" आईने विचारलं.

"कुठे नाही गं. हातांना सवय."

आईने अभ्रा परत चढवला. "ती सॅक तेवढी माझ्या पलंगाखाली सरकव. तुझ्या वहिनीला पसारा खपत नाही."

सॅक आत जाईना. धाकटीने वाकून पाहिलं. आईची बॅग होती, गच्च भरलेली.

"आई, तुला कपाट नाही दिलं?"

"दिलंय की, अख्खं," आई उशी थोपटत म्हणाली. "पण मी आपली लागलं की बॅगेतनं काढते, धुतलं की परत ठेवते."