माझ्या फोटोला हार

लीड्सला मुलाच्या घरी पोचून मी अजून कोटही काढला नव्हता. समोर फायरप्लेसवरच्या फळीवर मधोमध माझाच फोटो होता, आणि त्याला चक्क हार घातलेला होता.

"आई, वसंत ऋतूसाठी सजवलं!" सूनबाई क्लेअर तिच्या मोडक्यातोडक्या मराठीत म्हणाली. "काहीच विकत नाही आणलं." अंगणातली डॅफोडिलची फुलं जॅमच्या रिकाम्या बाटल्यांत होती. हाराची फुलं तिने अंड्यांच्या पुठ्ठ्याच्या खोक्यांतून कापून पिवळी रंगवली होती. जन्मभर अंड्याला शिवले नाही मी, आणि गळ्यात हे!

"अगं, हार गेलेल्या माणसाच्या फोटोला घालतात!" पांढराफटक पडलेला मुलगा हार काढायला धावला.

क्लेअरचा चेहरा उतरला. "सांगलीला आई रोज बाबांच्या फोटोला हार घालतात. मला वाटलं, ज्याच्यावर खूप प्रेम असतं, त्याला घालतात."

मला रागवायचं होतं, पण डोळ्यांसमोर हे उभे राहिले. ह्यांना मी पहिला हार घातला तो लग्नात. त्यानंतर थेट ते गेल्यावर, फोटोला. मधल्या एकेचाळीस वर्षांत ह्यांच्या हातात एखादं फूल दिल्याचंही आठवेना.

मुलाने काढलेला हार मी त्याच्याकडून घेतला आणि क्लेअरच्या हातात परत दिला.

"फोटोला कशाला? मी आलेय ना," असं म्हणून मी तिच्यापुढे मान वाकवली.