चाळीस सेंटिमीटर बर्फ

नोव्हेंबरातला पहिला बर्फ सुक्या गवतावर पडतो आणि त्याचा खालचा थर साखरेसारखा सुटा राहतो. त्या थरावरून वरचा बर्फ कधी घसरेल ते सांगता येत नाही. म्हणून घाटरस्ता उघडण्याआधी आम्ही उतारावर खड्डा खणून बघतो.

त्या सकाळी मोजपट्टीवर बर्फ चाळीस सेंटिमीटर होता. नारिन शहराकडे निघालेले मेंढ्यांचे ट्रक खाली खोळंबले होते. माझा जोडीदार असांखान खणत होता आणि मी वहीत थर टिपत होते.

तो छातीपर्यंत आत गेला तरी जमीन लागेना. खड्ड्याच्या कडेला मात्र गवताची टोकं बर्फाबाहेर डोकावत होती.

“बुरुलचाताई, तुमची मोजपट्टी सकाळीच दारू प्यायलीय!”

“इथे एखादी घळ असेल.”

“कुठली घळ? जूनमध्ये इथेच बसून चहा प्यायलो आपण.”

त्याचं डोकंही खड्ड्यात बुडालं, तेव्हा मी म्हटलं, “पुरे. रस्ता आज बंदच ठेवू. वर ये.”

त्याने फावडं वर दिलं. मी ते घेऊन बाजूला ठेवलं.

त्याच्या पायाखाली खणण्याचा आवाज चालूच होता. त्यात घाई नव्हती. फावड्याचा एक घाव, जरा विसावा, मग दुसरा.

मी हात पुढे केला. असांखानने तो धरला नाही. तो खाली वाकला आणि शेजाऱ्याच्या दाराशी विचारावं तसं हळूच म्हणाला, “कोण आहे?”

आवाज थांबला.